चाळीस एकरांचे सात एकर : पिंपळे सौदागर या गावाचा दीडशे वर्षांचा हिशेब

१/
पिंपळे सौदागर म्हटले की आज उंच इमारती, रुंद रस्ते आणि हिंजवडीच्या दिशेने निघालेली वाहनांची रांग डोळ्यांसमोर येते. पण शंभर वर्षांपूर्वी हे जेमतेम शंभर कुटुंबांचे शेतकरी गाव होते. भारतातील शेतजमिनीच्या तुकड्यांविषयी वाद सुरू झाला की अर्थशास्त्रज्ञ ज्या गावाचे नाव घेत, ते हे गाव. त्या गावाची जमीन, तिथली माणसे आणि या दोहोंच्या गणिताचा हा धागा. 🧵

२/
आधी भूगोल. लोणावळ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावणारी पवना पूर्वेकडे वाहत येते, चिंचवड-पिंपरीला वळसे घालते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. या वळणांच्या पट्ट्यात तीन पिंपळे आहेत : पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर. यांपैकी सौदागर पवनेच्या काठी, पिंपरीच्या पलीकडच्या तीरावर आहे.

३/
हा प्रदेश मावळ आणि देश यांच्या सांध्यावरचा. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यापर्यंत येता येता तो सातशेच्या घरात उतरतो आणि त्याहून पूर्वेला शिरूर-इंदापूरकडे अवर्षणाचा पट्टा सुरू होतो. म्हणजे पिंपळे सौदागर अतिवृष्टीचे गाव नव्हे आणि कायम दुष्काळीही नव्हे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

४/
गावाच्या शिवारातही जमीन एकसारखी नाही. नदीकाठी गाळाची, खोल, ओल धरून ठेवणारी काळी जमीन. जसजसे काठापासून दूर जावे तसतसा मातीचा थर पातळ होतो आणि खालचा मुरूम वर येतो. काठावरच्या एका एकराची किंमत माळावरच्या एका एकराहून निराळी, हे इथल्या कुणब्याला कोणत्याही सरकारी प्रतवारीआधी ठाऊक होते.

५/
जुन्या मराठी कागदांत गावाचे दोन भाग दिसतात : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरीत पाटील, कुलकर्णी, चौगुला, मिरासदार, उपरी आणि बलुतेदार राहत. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला, उपरी म्हणजे तसा हक्क नसलेला, कराराने जमीन कसणारा. गावाची लोकसंख्या समजून घ्यायची तर हा भेद विसरून चालत नाही.

६/
आता या गोष्टीत एक इंग्रज येतो. हॅरल्ड मान हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली तो चहाच्या शेतीवर संशोधन करण्यासाठी भारतात आला आणि १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. मधल्या काळात त्याने इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यातल्या रिजमाँट या खेड्यातील दारिद्र्याची घरोघर जाऊन पाहणी केली होती. खेडे मोजायचे म्हणजे काय, याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

७/
पुण्यात आल्यावर त्याला तीच पद्धत दख्खनच्या एखाद्या गावाला लावून पाहायची होती. त्याने निवडलेले गाव पिंपळे सौदागर. सोबतीला महाविद्यालयातील सहकारी होते : द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. अ. ताम्हणे आणि आणखी काही जण. १९१७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेतला पहिला ग्रंथ म्हणून ही पाहणी प्रसिद्ध झाली.

८/
माती, पाणी, पिके, जनावरे, खातेदार, कर्ज, मजुरी आणि प्रत्येक घराचा जमाखर्च असा तिचा आवाका होता. तोवर खेड्यांविषयी लिहिणारे अधिकारी बहुधा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या सरासरीवर बोलत. इथे एकच गाव घेऊन त्याची घडी पूर्ण उलगडली होती. भारतातील ग्रामपाहणीच्या इतिहासात या ग्रंथाचे स्थान म्हणूनच सुरुवातीच्या पानांवर आहे.

९/
या ग्रंथातले सर्वांत गाजलेले आकडे चार. गावातील एका खातेदाराकडे सरासरी किती जमीन होती?

१७७१ : ४० एकर
१८१८ : साडेसतरा एकर
१८२० ते १८४० : १४ एकर
१९१४-१५ : ७ एकर

चाळिसाचे सात. दीडशेपेक्षाही कमी वर्षांत.

१०/
पुढची शंभर वर्षे हे आकडे पुस्तकांतून पुस्तकांत फिरले. कुणी त्यातून लोकसंख्यावाढीचा धोका सिद्ध केला, कुणी इंग्रजी राजवटीचे दुष्परिणाम, तर कुणी हिंदू वारसापद्धतीचा दोष. आकडे तेच, निष्कर्ष तीन. यांपैकी खरा कोणता, हे ठरवण्यासाठी आकड्यांकडे जरा सावकाश पाहावे लागते.

११/
पहिली गोष्ट सालांची. ४० ते ७ ही एकूण घट ३३ एकरांची. त्यातली साडेबावीस एकरांची घट १७७१ ते १८१८ या ४७ वर्षांत झाली. म्हणजे दोनतृतीयांश घसरण पेशवाई बुडण्याआधीच होऊन गेली होती! १८१८ नंतरच्या ९६ वर्षांत उरलेले साडेदहा एकर कमी झाले. ‘इंग्रज आले आणि जमिनीचे तुकडे झाले’ हे सरळ वाक्य या गावापुरते तरी टिकत नाही.

१२/
पण त्याचा अर्थ इंग्रजी अमलाचा काहीच संबंध नव्हता असाही नाही. प्रमाणात पाहिले तर १८१८ नंतरही सरासरी साडेसतरावरून सातवर, म्हणजे निम्म्याहून खाली आली. पहिल्या टप्प्याचा वेग अधिक, दुसऱ्याचा काळ दीर्घ. दोन टप्प्यांची कारणे एकच असतील असे गृहीत धरणे हीच मूळ चूक होय.

१३/
पहिल्या टप्प्याचा काळ आठवावा. १७७१ म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीचा शेवट. पुणे तेव्हा मराठी सत्तेची राजधानी म्हणून वाढत होते आणि शहराला धान्य, वैरण, भाजी, लाकूड पुरवणारी भोवतालची गावेही त्याबरोबर बदलत होती. पुढे १८०२ मध्ये हडपसरजवळची लढाई, यशवंतराव होळकरांच्या फौजांची धामधूम आणि लगोलग १८०३-०४ चा भीषण दुष्काळ. राजधानीच्या सावलीतले गाव या चढउतारांपासून अलिप्त राहणे शक्य नव्हते.

१४/
दुसरी गोष्ट कागदाची. पेशवेकालीन नोंदीत एका नावासमोर लिहिलेली जमीन नेहमी एका माणसाची नसे. अनेकदा ते नाव साऱ्या भाऊबंदकीचे प्रतिनिधी असे. वडिलार्जित जमिनीच्या अशा एकत्रित हिश्श्याला थळ म्हणत आणि त्याच्या धन्याला थळकरी. रयतवारीत मात्र सरकारचा व्यवहार थेट एकेका खातेदाराशी सुरू झाला. नाव वेगळे लागले की खाते वेगळे झाले.

१५/
म्हणून १७७१ चे ४० एकर आणि १९१५ चे ७ एकर यांची तुलना करताना सावधगिरी हवी. चाळीस एकरांच्या खात्यावर किती तोंडे जेवत होती, हे तो आकडा सांगत नाही. शिवाय ज्यांच्या नावावर जमीनच नाही असे मजूर आणि बलुतेदार या सरासरीत येतच नाहीत. सरासरी म्हणजे गाव नव्हे.

१६/
तिसरी गोष्ट तुकड्यांची. मानच्या पाहणीच्या वेळी १५६ खातेदारांकडे मिळून सातशेहून अधिक तुकडे होते. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराहूनही, म्हणजे दहा गुंठ्यांहूनही लहान. दर खातेदारामागे सरासरी साडेचार तुकडे, तेही एका जागी नव्हेत. एक नदीकाठी, एक माळाला, एक तिसऱ्याच बांधाला.

१७/
इंग्रज अधिकाऱ्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटे. पण भूगोल लक्षात घेतला की त्यामागचा न्याय दिसतो. बापाची जमीन तीन भावांत वाटायची आहे. एकाला सगळी काळी आणि दुसऱ्याला सगळा माळ दिला तर तो वाटा होत नाही, अन्याय होतो. म्हणून काळीचे तीन भाग, माळाचे तीन भाग. पाऊस अधिक झाला तर माळ तारील, ओढ दिली तर काळी तारील, हा हिशेबही त्यातच. प्रत्येक भावापुरता हा शहाणपणा होता, पण तीन पिढ्यांनंतर साऱ्या गावाला तो जाचक झाला.

१८/
कारण दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर विहीर खोदणे परवडत नाही. बैलजोडी या बांधावरून त्या बांधाला नेण्यात दिवस जातो. बांधांखाली जमीन जाते आणि बांधावरून तंटे होतात. खातेफोड, पोटहिस्सा, वहिवाट, बांध कोरणे हे शब्द महाराष्ट्राच्या कोणत्याही तहसील कचेरीत आजही ऐकू येतात. त्यांचा उगम याच गणितात आहे.

१९/
आता सर्वांत कठोर आकडे. मानने गावातील १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला आणि त्यांचे तीन गट पाडले.

केवळ जमिनीवर नीट जगू शकणारी : ८ कुटुंबे
जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून जगू शकणारी : २८ कुटुंबे
दोन्ही मिळूनही खर्च न भागणारी : ६७ कुटुंबे

म्हणजे शंभरातली पासष्ट घरे कायम तुटीत.

२०/
‘नीट जगणे’ याचा अर्थ चैन नव्हे. अन्न, वस्त्र आणि गावच्या रीतीप्रमाणे किमान गरजा इतकाच. तूट भरून निघे ती कर्जाने किंवा अर्धपोटी राहून. सध्याची लोकसंख्या आणि शेतीची सध्याची पद्धत कायम राहिली तर हे गाव आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायांवर उभे राहणे कठीण आहे, असा मानचा निष्कर्ष होता.

२१/
इथे भूगोलाचा मुद्दा परत येतो. पिंपळे सौदागर हे सुदैवी गाव होते. पाऊस बरा, नदी शेजारी, पुणे जवळ, खडकीची छावणी आणि १८६९ पासूनचा तिथला दारूगोळ्याचा कारखाना हाकेच्या अंतरावर. मुंबई-पुणे लोहमार्ग नदीपलीकडून गेलेला. बाहेरच्या कमाईवर तरलेली २८ कुटुंबे ही या स्थानाची देणगी होती. ज्या गावाला शहर जवळ नव्हते, त्याचे काय?

२२/
उत्तरासाठी मान आणि कानिटकर यांनी दुसरे गाव घेतले : शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक, पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातले. ही पाहणी १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे तुटीत असलेल्या कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातली, एकाच राजवटीतली. फरक पडला तो मुख्यतः पावसाने आणि शहराच्या अंतराने.

२३/
मग उपाय काय? मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक किटिंज यांनी ‘किफायतशीर धारणक्षेत्र’ ही कल्पना मांडली होती. एका कुटुंबाला बऱ्या स्थितीत जगता येईल एवढी, एका जागी असलेली, विहिरीची जमीन : ४० ते ५० एकर. मानच्या मते २० एकर पुरत. पिंपळे सौदागरची सरासरी ७. या दृष्टीने उपाय एकच दिसे : कायद्याने तुकडे पाडणे थांबवा आणि खाती मोठी करा.

२४/
१९१८ साली एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून हा सारा विचारच उलटा केला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचा प्रश्न असा : धारणक्षेत्र लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर कसे ठरेल? ते कसणाऱ्याकडे बैल किती, अवजारे किती, भांडवल किती, यावर ते ठरते. साधनेच अपुरी असतील तर त्याच माणसाला आणखी जमीन देऊन उत्पन्न वाढणार नाही.

२५/
आंबेडकरांच्या मते लहान तुकडे हा रोग नव्हता, रोगाचे लक्षण होते. रोग असा की जमिनीवाचून दुसरे पोटाचे साधनच नाही, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी अधिक माणसे शेतीला चिकटून आहेत. हात रिकामे आहेत, पण ते रिकामे हात जेवतात, आणि शेतीतून उरायला हवी ती शिल्लक खाऊन टाकतात. त्यांना दुसरे काम द्या, म्हणजे जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. त्यांचा उपाय होता औद्योगिकीकरण.

२६/
१९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक आले तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. तुकडे एकत्र करायचे तर ते कुणाच्या तरी हातून जाणार. मग त्या माणसाने जायचे कुठे? भूमिहीनांची संख्या वाढवून शेती सुधारत नाही, सहकारी पद्धतीने कसण्याचा विचार करा, हा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक अखेर बारगळले. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला तो १९४७ साली.

२७/
आणि मग इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले. स्वातंत्र्यानंतर पवनेच्या पलीकडच्या तीरावर पिंपरीत फाळणीतून आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९५४ मध्ये तिथेच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळांवर मोटारींचे, यंत्रांचे कारखाने उभे राहू लागले.

२८/
१९१८ च्या निबंधातील उपाय, जणू योजून, या गावाच्या दारातच येऊन उभा राहिला. रिकाम्या हातांना काम मिळाले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पिंपळे सौदागर तिच्या हद्दीत गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाची वसाहत सुरू झाली आणि या शिवारातल्या काळीचे व माळाचे भाव एकच झाले. बांधकामाला मातीची खोली लागत नाही.

२९/
२००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास असलेली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. ज्या शिवारात शंभर कुटुंबांना जमीन पुरत नव्हती, त्याच शिवारात आता त्याहून कितीतरी पटींनी माणसे राहतात. जमीन तेवढीच आहे, नदीही तीच आहे. ‘या गावाला किती लोकसंख्या झेपेल?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र पार बदलले, कारण पोट भरण्याचे साधन बदलले.

३०/
हे वळण सुखान्त म्हणून सांगणे सोपे आहे. पण पिंपळे सौदागरला कारखाने आणि शहर मिळाले ते त्याच्या जागेमुळे. जातेगाव बुद्रुकच्या पट्ट्यातील शेकडो गावांच्या दारात असे काही आपोआप आले नाही. तिथल्या माणसांना कामाच्या मागे जावे लागले : मुंबईच्या गिरण्यांत, पुण्याच्या कारखान्यांत, साखरपट्ट्यातल्या उसाच्या फडांत. एका गावाकडे शहर चालत आले, दुसऱ्या गावाला शहराकडे चालत जावे लागले.

३१/
आणि ज्यांच्या नावावर १९१५ मध्ये सरासरीतले सात एकरही नव्हते, त्या भूमिहीन घरांच्या वंशजांना जमिनीचे भाव चढल्याचा लाभ तरी कसा व्हावा? जो सरासरीत नव्हता तो भाववाढीतही नव्हता. म्हणून खेड्याचा इतिहास वाचताना ‘दर खातेदारी किती एकर’ या प्रश्नाच्या जोडीला ‘खाते कुणाचे नव्हते’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

३२/
चाळिसाचे सात हे आकडे खरे आहेत. पण त्यांतून ‘माणसे फार झाली’ एवढाच अर्थ काढणे अपुरे आहे. माणसे वाढली, वारसा वाटला गेला, कागदाची रीत बदलली, आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे जमिनीबाहेर पडायची वाट फार काळ बंद राहिली. ती वाट उघडली तेव्हा त्याच गावाचे गणित दोन पिढ्यांत उलटेपालटे झाले.

३३/
ज्यांच्या घरी जुना सातबारा, फेरफाराचे उतारे वा वाटणीपत्रे असतील, त्यांनी ती एकदा जरूर काढून पाहावीत. पणजोबांच्या नावावरचे क्षेत्र, आजोबांच्या भावांची नावे, पोटहिश्श्यांचे आकडे, ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजा. मानने एका गावासाठी जे मांडले, त्याचा एखादा तुकडा महाराष्ट्रातल्या अनेक घरांच्या ट्रंकेत अजून घडी करून ठेवलेला आहे.

(धागा समाप्त)